साहेबाचे ओटे : विजयदुर्ग, हेलियम आणि एका आख्यायिकेची घडण

देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यात काही जुने ओटे दाखविले जातात. लोक त्यांस 'साहेबाचे ओटे' म्हणतात. कोणी 'कट्टे'ही म्हणतात. या ओट्यांशी निगडित असलेली कथा मराठी वाचकांच्या आता चांगलीच परिचयाची झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सर नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथे दुर्बीण मांडली, सूर्याचे निरीक्षण केले आणि पृथ्वीवर तोवर अज्ञात असलेल्या हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी ती कथा होय. वृत्तपत्रांतून व प्रवाशांसाठी काढलेल्या पत्रकांतून ती पुनःपुन्हा छापली गेली असून १८ ऑगस्ट हा दिवस विजयदुर्गास हेलियम दिन म्हणून साजराही केला जातो.

या कथेत स्थळ, व्यक्ती आणि वर्ष असे तीन धागे एकत्र वळले गेले आहेत. ते उलगडून पाहिले असता स्थळ खरे ठरते, व्यक्ती खरी ठरते, वर्ष मात्र टिकत नाही. आणि वर्ष गेले की हेलियमही विजयदुर्गाहून निसटते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने खगोलाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, या प्रकरणातील गाठ आकाशात पडलेली नसून शब्दांत पडलेली आहे.

प्रथम १८६८ चे ग्रहण पाहू. एडनपासून हिंदुस्थान ओलांडून सयामच्या आखातापर्यंत जाणारा या ग्रहणाचा खग्रास पट्टा बराच रुंद होता, आणि विजयदुर्ग त्या पट्ट्यात होते यात शंका नाही. गुंटूर येथे खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक काळ टिकली. वर्णपटदर्शक यंत्र वापरून अभ्यासले गेलेले हे पहिलेच मोठे खग्रास ग्रहण असल्यामुळे युरोपातील विद्वत्सभांनी त्यासाठी विशेष तयारी केली होती. (सयामचा राजा मोंगकुट याने स्वतः गणित करून या ग्रहणासाठी समुद्रकाठी छावणी उभारली, परदेशी पाहुण्यांस बोलाविले, गणित बरोबरही आले, पण तेथे जडलेल्या तापाने काही आठवड्यांतच त्याचा अंत झाला.) हिंदुस्थानात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन व इंग्रज अधिकारी मेजर टेनंट हे होते, मछलीपट्टण येथे मद्रास वेधशाळेचे प्रमुख पॉग्सन होते, त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी हे हैदराबाद संस्थानातील वनपर्ती येथे गेले होते. आपल्या दृष्टीने अधिक जवळची ठाणी दोन. विजापूर येथे कॅप्टन हेग होते, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. हे हर्शेल विख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे पुत्र. रॉयल सोसायटीने पाठविलेली यंत्रे त्यांच्यापाशी होती.

जमखंडीस त्या सकाळी आभाळ भरलेले होते. ढगांच्या फटींतून जो काय अवधी मिळाला तेवढ्यात हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील तेजःशृंगांकडे यंत्र रोखले. तेजःशृंगे म्हणजे ग्रहणात सूर्यबिंबाच्या कडेने लालसर ज्वालांप्रमाणे दिसणारी उधाणे. त्यांचा प्रकाश लोलकातून पसरला तेव्हा सलग रंगपट्टा न दिसता सुट्या तेजोरेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. ही शृंगे तापलेल्या वायूची आहेत, हे त्या रेषांनी एका क्षणात सिद्ध केले. नारिंगी रेषा ही वर्णपटातील 'डी' रेषेच्या, म्हणजे मिठाच्या ज्वालेत दिसणाऱ्या सोडियमच्या रेषेच्या जागीच आहे, असे हर्शेल यांस वाटले. इतर बहुतेक निरीक्षकांचेही तसेच मत पडले. पॉग्सन यांनी मात्र ती तंतोतंत त्याच जागी नसावी अशी नोंद केली. पण तिचा पाठपुरावा झाला नाही.

हा तपशील मुद्दाम विस्ताराने दिला आहे. हेलियमची रेषा त्या दिवशी हिंदुस्थानात दिसली हे खरे. पण ती हेलियमची आहे हे कोणासही उमगले नाही. दिसणे आणि ओळखणे या दोन क्रिया भिन्न आहेत. कथेला मराठी मुलखाचा काही आधार हवाच असेल, तर तो त्या वर्षापुरता विजयदुर्गात न शोधता जमखंडीत शोधला पाहिजे, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे. जमखंडी हे नाव या संदर्भात आपल्याकडे कोणी घेत नाही, हा विस्मृतीचा एक चमत्कारिक न्यायच म्हणावा लागेल.

झान्सेन यांची कामगिरी निराळी होती. गुंटूरला ग्रहण चालू असताना त्या रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्यांनी तसे करूनही दाखविले. त्यांचे पत्र समुद्रमार्गे पॅरिसला पोहोचण्यास ऑक्टोबर उजाडला.

आणि लॉकयर? ते त्या वेळी लंडनमध्ये होते. वय ३२, युद्धखात्यात कारकून, फावल्या वेळेत हौशी ज्योतिर्विद. तेजःशृंगे वायुरूप असतील तर त्यांच्या तेजोरेषा ग्रहणावाचूनही दिसावयास हव्यात, हा विचार त्यांनीही आधीच केला होता. परंतु त्यासाठी लागणारे प्रभावी यंत्र तयार होण्यास फार विलंब लागला. ते अर्धवट स्थितीतच १६ ऑक्टोबर १८६८ रोजी हाती आले आणि २० ऑक्टोबरला त्यांनी लंडनच्या आकाशातील रोजच्या सूर्याच्या कडेवर त्या रेषा पाहिल्या. त्यांचे वृत्त व झान्सेन यांचे पत्र ही दोन्ही २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आली. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक पाडले. या पदकामुळेच पुढे 'झान्सेन व लॉकयर यांनी हेलियम शोधले' हे सोपे वाक्य पाठ्यपुस्तकांत रूढ झाले असावे. वस्तुतः पदक होते ते ग्रहणाशिवाय तेजःशृंगे पाहण्याच्या पद्धतीबद्दल. बंगळूरचे खगोलभौतिकीज्ञ बिमन नाथ यांनी २०१३ मध्ये या इतिहासावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून त्यात ही गफलत नीट सोडविली आहे.

ग्रहणाची घाई नसल्यामुळे लॉकयर यांना निवांतपणे मोजमाप करता आले. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या जागी नाही, ती किंचित निळ्या बाजूस सरकलेली आहे, असे त्यांना आढळले. सोडियमच्या दोन रेषांची तरंगलांबी ५८९·६ व ५८९·० नॅनोमीटर, तर हिची ५८७·६. अंतर एवढे अल्प की, ढगांच्या फटीतून पाहणाऱ्यास ते न जाणवावे यात नवल नाही. डी-एक व डी-दोन या नावांपुढे हिला 'डी-तीन' हे नाव मिळाले. रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्या साहाय्याने लॉकयर यांनी प्रयोगशाळेत निरनिराळ्या दाबाखाली हायड्रोजन तापवून पाहिला. ती रेषा उमटली नाही.

यावरून जी गोष्ट निष्पन्न होते ती विजयदुर्गच्या कथेच्या अगदी उलट आहे. लॉकयर यांचे खरे यश हेच की, ग्रहणासाठी कोठेही न जाता, ग्रहण संपून दोन महिने लोटल्यावर, घरच्या दुर्बिणीने त्यांनी ते कार्य केले. त्यांना १८६८ मध्ये विजयदुर्गच्या तटावर नेऊन बसविणे म्हणजे त्यांचा गौरव नव्हे. त्यांच्या कल्पकतेचा गाभाच त्यामुळे हरवतो.

आता नावाकडे वळू. 'हेलियम' हा शब्द प्रथम छापून आला तो १८७१ मध्ये, विल्यम टॉमसन (पुढील लॉर्ड केल्विन) यांनी एडिंबरो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात. लॉकयर स्वतः मात्र कित्येक वर्षे हा शब्द छापण्यास कचरत होते, आणि फ्रँकलंड तर या नव्या मूलद्रव्याविषयी साशंकच होते. शब्दाची रचना पाहण्याजोगी आहे. सीझियम, रुबिडियम, थॅलियम, इंडियम ही १८६० ते १८६३ या काळात वर्णपटाच्या साहाय्याने सापडलेली मूलद्रव्ये. त्यांची नावे त्यांच्या रेषांच्या रंगांवरून, म्हणजे आकाशी, गडद तांबडा, कोवळ्या फुटव्याचा हिरवा व निळीचा, अशी पडली, आणि ती सर्व धातू असल्यामुळे '-इयम' हा धातुवाचक प्रत्यय त्यांस जडला. हेलियमचे नाव तेवढे रंगावरून न पडता स्थानावरून, सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून पडले. पण ते द्रव्य धातूच असावे या अनुमानाने प्रत्यय तोच लागला. अनुमान चुकले. १८९५ मध्ये रॅम्से यांनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजापासून एक वायू मिळविला, त्याच्या वर्णपटात ती पिवळी रेषा लखलखली आणि सूर्यावरचे द्रव्य लंडनच्या प्रयोगशाळेत उतरले. तो धातू नव्हता. कशाशीही संयोग न पावणारा वायू होता. त्याच्या कुळातील आर्गॉन, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन या भावंडांनी '-ऑन' हा प्रत्यय घेतला; हेलियम मात्र चुकीच्या वंशाचे आडनाव आजतागायत वागवीत आहे. वस्तूविषयीचे ज्ञान सुधारते, पण नाव सुधारत नाही, याचे इतके निर्भेळ उदाहरण विरळा.

जाता जाता आणखी एक गोष्ट. आपल्याकडे 'हेलियम' हा परका शब्द म्हणून आला. पण त्याचे मूळ येथे अपरिचित नव्हते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकात सूर्याच्या नावांत 'हेलि' हे नाव येते. त्याच्या सोबत मंगळास 'आर', शनीस 'कोण', शुक्रास 'आस्फुजित्' अशीही नावे आहेत. ग्रीकांची एरीझ, क्रोनॉस, ॲफ्रोडायटी ही नावे संस्कृताच्या मुशीत ओतली की ही रूपे मिळतात. 'हेलिओस' हा शब्द हेलियमच्या तेराशे वर्षे आधी ज्योतिषाच्या वाटेने या देशात येऊन संस्कृत झाला होता. 'हेलियम' हा शब्द प्रथम वाचणाऱ्या एखाद्या मराठी ज्योतिषास तो अर्धा ओळखीचा वाटला असता.

तर मग लॉकयर विजयदुर्गास आलेच नाहीत काय? आले, पण ३० वर्षांनी. त्यापूर्वी १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते हिंदुस्थानात आले होते आणि त्यांनी ते ग्रहण आजच्या केरळातील बेकल येथून पाहिले. बेकल हाही पश्चिम किनाऱ्यावरचा, समुद्रात घुसलेला किल्लाच. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा रत्नागिरी किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेला. त्याच्या वाटेवर सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल होते, आणि तेथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ होता. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून पुण्यास उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे हे प्रमुख. १८९८ च्या ग्रहणावरचा त्यांचा सविस्तर अहवाल पुढे १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉकयर यांनी स्थळ निवडले ते विजयदुर्ग. 'मेलपोमीन' या इंग्रजी युद्धनौकेचे अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. नाविकांस आधी कसून सराव द्यावयाचा आणि मग खग्रासाच्या मोजक्या क्षणांत एकेकाकडून एकेक नेमून दिलेले काम करवून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धत १८९६ मध्ये नॉर्वेतील मोहिमेत बसविलेली होती. विजयदुर्गास खग्रास सुमारे दोन मिनिटांचे होते. त्या दोन मिनिटांत लोलक बसविलेल्या छायाचित्रयंत्रांनी सूर्याच्या वर्णावरणाचे वर्णपट टिपण्यात आले आणि त्यांचे विवेचन पुढे रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले.

त्या वर्षी हेलियम शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. रॅम्से यांस ते सापडून तीन वर्षे होऊन गेली होती. विजयदुर्गच्या मोहिमेचे महत्त्व निराळे आहे आणि ते कमी प्रतीचे नाही. सूर्याच्या निरनिराळ्या थरांत कोणती द्रव्ये कोणत्या अवस्थेत आहेत, या प्रश्नाचा पाठपुरावा तेथे झाला. परंतु 'वर्णावरणाचे वर्णपट टिपले' हे वाक्य कोणाच्या तोंडी बसत नाही. 'हेलियम शोधले' हे बसते.

या मोहिमेची माहिती मराठीत का झिरपली नाही, याचे एक कारण वर्णलेखनात आहे असे मला वाटते. त्या वृत्तान्तांच्या मथळ्यांत गावाचे नाव 'विझिआद्रुग' असे छापलेले आहे. 'दुर्ग' चे 'द्रुग' अथवा 'ड्रूग' करण्याची इंग्रजांची सवय जुनी; सुवर्णदुर्गाचे त्यांनी 'सेव्हर्नड्रूग' केले होते, आणि विजयदुर्गाचे जुने नाव घेरिया हेच त्यांच्या कागदांत दीर्घकाळ चालत आले. आजच्या वर्णलेखनाने विजयदुर्ग शोधणाऱ्यास हा वृत्तान्त सापडतच नाही. उलट 'लॉकयर, हेलियम, १८६८, हिंदुस्थान, ग्रहण' हे शब्द कोणत्याही विश्वकोशात शेजारी शेजारी सापडतात. ओट्यांची आठवण लोकांपाशी होती. वर्ष पुस्तकांतून आणून तीवर चिकटविले गेले.

येथे लोकभाषेचा विचार केला पाहिजे. 'साहेबाचे ओटे' या नावात साहेबाचे नाव नाही. तेरेखोल खाडीच्या काठी, गोव्याच्या सीमेवर वसलेले आरोंदा हे गाव या दृष्टीने उद्बोधक आहे. आरोंद्याच्या बाजूस 'सायब' म्हणजे इंग्रज अंमलदार. खाडीपलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. तेथील गोऱ्यास कोंकणीत 'पाकलो' म्हणत, आणि 'सायब' हा शब्द उच्च आदरासाठी राखलेला. संत फ्रान्सिस झेवियर यांस 'गोंयचो सायब' म्हणतात. खाडीच्या दोन्ही तीरांवर शब्द एक, व्यक्ती भिन्न. आणि दोन्हीकडे तो शब्द पद सांगतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही. अशा शब्दात एक रिकामी जागा असते आणि ती भरून काढण्याचा मोह पुढील पिढीस होतो. 'सायबाचे ओटे' म्हणणाऱ्या मालवणी माणसाने कोणतेही विधान चुकीचे केले नव्हते : एक साहेब आला, त्याच्यासाठी ओटे झाले, त्याने 'गिराण' पाहिले. गिराण म्हणजे ग्रहण. एवढे सांगून लोकस्मृती थांबली होती. कोणते गिराण, हे तिने सांगितले नाही, कारण एका आयुष्यात पाहिलेले असे गिराण एकच असते. आरोंद्यास तर १८९८ चे ग्रहण खंडग्रासच होते. पट्टा बऱ्याच उत्तरेकडून गेला. तेथपर्यंत पोहोचली ती बातमी, प्रत्यक्ष अंधार नव्हे.

कथेतच आणखी एक खूण शिल्लक आहे. तिच्यातील नायक 'सर' नॉर्मन लॉकयर आहे. त्यांना सर ही पदवी मिळाली १८९७ मध्ये, म्हणजे विजयदुर्गास येण्याच्या आदल्या वर्षी. १८६८ च्या त्या कारकुनास कोणी 'सर' म्हटले नसते, आणि त्याच्यासाठी युद्धनौकाही आली नसती. ही उपाधी कथेत ग्रंथांतूनही आलेली असू शकेल, म्हणून तिच्यावर फार भार देता येणार नाही. तथापि ओटे १८९८ च्या छावणीचे आहेत, या अनुमानाशी ती जुळते.

या अनुमानाची पडताळणी प्रत्यक्ष स्थळी होऊ शकेल. वर्णपटांची अवजड यंत्रे हलू नयेत म्हणून त्यांस पक्क्या बैठकी लागतात, आणि त्या बैठकी सूर्याची दिशा धरून बांधल्या जातात. १८६८ चे ग्रहण या किनाऱ्यावर सकाळी झाले, तेव्हा सूर्य पूर्वेस होता. १८९८ चे दुपारी झाले, तेव्हा जानेवारीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला होता. आरशाच्या साहाय्याने प्रकाश वळवून नळी आडवी ठेवण्याची रीत तोवर रूढ झाली असल्यामुळे दिशेचा पुरावा एकटा निर्णायक होणार नाही. परंतु ओट्यांची लांबी, रुंदी, परस्परांतील अंतरे व होकायंत्राने घेतलेल्या दिशा यांचा नकाशा काढून तो रॉयल सोसायटीच्या वृत्तान्तातील यंत्रांच्या वर्णनाशी ताडून पाहता येईल. हे काम एखाद्या स्थानिक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना दोन दिवसांत करता येण्यासारखे आहे. तट ढासळत आहेत, आणि ओट्यांवर नवा सिमेंटचा गिलावा चढण्यापूर्वी ते झालेले बरे.